जेवल्यावर

मैनाचं लग्न झालं त्या वैशाखात तिच्या भावाने, महिपतीने, रोह्याला दवाखाना उघडला. त्यांच्या घरात साल विचारलं तर कुणी एकोणीसशे एकसष्ट म्हणत नसे, मैनाच्या लग्नाचं साल म्हणत. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडले होते, पत्रावळींचा गठ्ठा अर्धा शिल्लक होता, आणि महिपती आणि त्याची बायको शांती एस.टी.च्या टपावर दोन बाकं, एक काचेचं कपाट आणि बाटल्यांची खोकी चढवून पेणहून निघालीसुद्धा.

महिपतीच्या वडिलांना, गुणाजीला, हे पसंत नव्हतं. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला पहिलाच मुलगा डॉक्टर झाला होता. पेणच्या एका जुन्या डॉक्टरांनी त्याला हाताखाली घेतलं होतं. स्टँडवर पोचवायला आलेला गुणाजी चारचौघांत म्हणाला, "इथं बसायला खुर्ची हाय, लोक रामराम करतात. तिकडं नदीवर जाऊन औषध कोणाला पाजणार? माशांना?"

"आबा, इथली खुर्ची दुसऱ्याची हाय."

"मग सुताराला सांगतो, तुझी एक करून देईल!"

लोक हसले. महिपतीही हसला. पण त्याच्या मनात वेगळंच होतं. पेणला असताना रोह्याकडच्या वाड्यांमधले आजारी त्याने पाहिले होते. बांबूला झोळी बांधून आणलेले, नाडी बघेपर्यंत थंड झालेले. ही माणसं आपल्यापर्यंत येत नाहीत, तर आपणच त्यांच्याजवळ जाऊन बसावं, एवढा साधा त्याचा विचार होता.

जागा मिळाली ती बाजाराच्या टोकाला, गिरजाबाईच्या कौलारू घरात. पुढच्या दोन खोल्या, मागे पडवी, पडवीच्या खाली उतार आणि उताराच्या शेवटी कुंडलिका. गिरजाबाई विधवा होती. शेजारच्या भागात ती, तिची सून आणि लहान नात राहायची. दिवसभर ती ओट्यावर सूप घेऊन वाल निवडत बसे आणि दवाखान्यात कोण आलं, कोण किती वेळ बसलं, कोण हसत गेलं, सगळं बघे.

पहिल्या खोलीत महिपतीचं टेबल आणि कापडी पडदा. दुसऱ्या खोलीत शांती. दोन्हींच्या मधल्या भिंतीत एक खिडकी पाडून घेतली होती, तिथून शांती औषध देई. शांती पेणजवळच्या जोहे गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, शाळेत कधी गेली नव्हती. अक्षरं तिला लग्नानंतर महिपतीने शिकवली, तीही बाटल्यांवरची. त्यामुळे तिला 'कमळ' आणि 'बदक' कधी लिहावं लागलं नाही. तिने पहिल्यांदा लिहिलं ते 'खोकला', मग 'ताप', मग 'जेवल्यावर'. हा शेवटचा शब्द तिला फार आवडला. 'ल' आणि 'य' जोडून लिहिताना सुरुवातीला चुकायची, मग हात बसला. गोळ्यांच्या प्रत्येक पुडीवर ती तो ठसठशीत लिही आणि देताना मोठ्याने वाचूनही दाखवी. पेणच्या डॉक्टरांकडचा कंपाउंडर म्हणायचा त्याच सुरात: "दोन वेळा, जेवल्यावर."

तो सगळा पावसाळा दवाखाना रिकामाच होता म्हटलं तरी चालेल. लोक डॉक्टरची पदवी बघत नसत. विचारत ते एवढंच, की ह्याच्या हाताला गुण हाय का? हातगुण म्हणजे काय ते कुणाला सांगता यायचं नाही, पण असला तर सगळ्यांना समजायचा आणि नसला तर त्याहून लवकर. त्यात महिपतीची एक खोड होती. गरज नसेल तर तो सुई मारत नसे.

"डाक्तर," गिरजाबाई वाल निवडता निवडता विचारी, "तुमची सुई गंजली काय?"

"गरज असेल त्याला मारतो, गिरजाबाई."

"गरजेचं माणसाला काय कळतं? टोचलं की त्याला वाटतं, औषध भेटलं. तांबडं पाणी काय, माझी नात पण करील कुंकू कालवून."

"मग नातीला बसवा खिडकीत. शांतीला जरा आराम."

"बसवीन की. ती निदान येणाऱ्याला ऱ्हवा बसा तरी म्हणेल. तुमी नुसते नाडी धरून गप्प!"

दिवाळी झाली आणि मोतीराम आला.

मोतीराम नदीपलीकडच्या कातकरवाडीतला. रानात कोळशाच्या भट्ट्या लावायला जाणारा, उंच, एके काळी चांगला दणकट. वाडीत त्याच्या शब्दाला मान होता. कुणाचं भांडण असो की लग्न, आधी मोतीरामला विचारत. आता तो बायकोच्या, चिमाच्या, खांद्यावर हात टाकून आला होता आणि मागे त्याचा भाऊ पांडू होता. बाकावर बसला तसा खोकला, आणि फडक्यात रक्त पडलं. ते त्याने मुठीत लपवलं.

महिपतीने छाती तपासली, थुंकी पेणला पाठवली. क्षय निघाला. त्याने तिघांना बसवून सांगितलं, की हा बरा होणारा आजार आहे, पण औषध वर्षभर घ्यायचं. बरं वाटलं तरी सोडायचं नाही.

पांडू भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "डाक्तर, वाडी ह्याच्याकडं बगते. ह्यो उठला तर आमी समदी तुमच्याकडं येऊ. नाय उठला तर..."

"नाय उठला तर मी कुठं बगायला येनार हाय?" मोतीराम म्हणाला. "तुमी दोगं मागनं काय ते बगा."

चिमाने त्याला कोपराने ढोसलं. शांती खिडकीतून हे ऐकत होती, तिलाही हसू आलं. पण पांडू हसला नाही आणि महिपतीही हसला नाही. महिपतीला कळलं होतं, की ज्यासाठी आपण इथे आलो ते सगळं आता ह्या एका माणसाच्या छातीवर येऊन बसलं आहे. मोतीराम जगला तर वाडी येईल. तो गेला तर पुढची कित्येक वर्षं झोळीतूनच येत राहतील, तेही शेवटच्या घटकेला.

सुरुवातीला रोज सुई होती. मोतीराम रोज सकाळी पूल ओलांडून येई, दंड पुढे करी आणि गिरजाबाईला ओरडून सांगे, "आजी, गंजलेली नाय गो सुई! लई चावते!" सुईबरोबरच्या गोळ्याही तो तिथेच घेई; त्या पेणच्या सरकारी दवाखान्यातून मिळत. महिपती सोमवारी एस.टी.ने जाऊन त्या घेऊन येई. पौषात मोतीरामचा ताप थांबला. माघात खोकला उतरला, गालावर मांस दिसू लागलं. शिमग्याला तो वाडीच्या नाचात थोडा वेळ का होईना, उभा राहिला.

मग वाडी आली. आधी बायका आल्या, पोरं कडेवर घेऊन. मग म्हातारे आले. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आले, बाजारातले दुकानदार आले. कातकऱ्याचा क्षय उतरवला म्हणजे हाताला गुण आहे, हे गिरजाबाईनेच सगळ्या आळीत सांगितलं, आणि स्वतःच्या पोटातल्या जळजळीसाठी गोळ्या घ्यायला तीही खिडकीशी उभी राहिली. "माझी जागा लाभली तुमाला," असं वर म्हणाली. ओट्यावर लोकांना बसायला जागा पुरेना. महिपतीने आणखी एक बाक करून घेतला.

सुया संपल्या, तेव्हा मोतीरामला घरी घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या मोठ्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर पोटात आग पडायची. म्हणून महिपतीने शांतीला नीट बजावलं होतं. शांतीने चिमाला खिडकीशी बोलावलं.

"हे बघ गो चिमे. दोन वेळा द्यायच्या. जेवल्यावर. रिकाम्या पोटी द्यायच्या नाय, पोट जळेल. काय सांगितलं, बोल."

"जेवल्यावर," चिमा म्हणाली.

"परत बोल."

"जेवल्यावर, बाय. रिकाम्या पोटी नाय. माज्या ध्यानात ऱ्हाईल."

त्यानंतर दर आठवड्याला चिमा पुड्या न्यायला यायची. डोक्यावर लाकडाची मोळी असे, ती विकून मग दवाखान्यात. पावसात मोळी नसे, तेव्हा ती इरलं पांघरून नुसतीच यायची. एकही आठवडा तिने चुकवला नाही. शांती दर वेळी विचारी, "औषध देतेस ना?"

"देते ना, बाय."

"जेवल्यावर?"

"जेवल्यावरच. तू सांगितलंस तसंच."

शांतीला तिचं कौतुक वाटायचं. बाजारातल्या शिकलेल्या बायकासुद्धा एवढ्या नेमाने वागत नसत.

भाद्रपदात गौरी गेल्या आणि मोतीराम पुन्हा चिमाच्या खांद्यावर हात टाकून आला. ह्या वेळी तो ओट्याच्या पायरीवरच बसला. त्याच्याने वर चढवेना. छाती पिंजऱ्यासारखी दिसत होती. महिपतीने तपासलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्याला राग आला. तो सहसा रागावणारा माणूस नव्हता, पण भरल्या ओट्यावर त्याचा आवाज चढला.

"भगताकडे गेलात तुम्ही. औषध टाकून दिलंत. खरं सांगा."

"भगत?" मोतीराम दम घेत घेत म्हणाला. "भगत माज्याहून जास्ती खोकतो. त्यालाच तुमच्याकडं धाडनार व्हतो."

"मग गोळ्या कुठे गेल्या?"

"डाक्तर, तुमी दिल्या, तिनं घेतल्या. गोळ्यांचं खातं तिच्याकडं. मी आपला तोंड उघडनारा."

चिमा खाली मान घालून उभी होती. "बाय सांगते तसंच करते मी," एवढंच ती म्हणाली. महिपतीने हात झटकले आणि आत गेला. शांतीने पाहिलं, तो टेबलाशी बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

"अहो, ती खोटं बोलत नाय," शांती म्हणाली.

"मग माझं औषध खोटं आहे," महिपती म्हणाला. "दोन्हींतलं एक काहीतरी असणार ना?"

शांतीला तिथे बसवेना. ती डोक्यावर पदर घेऊन निघाली आणि चिमा-मोतीरामच्या मागोमाग वाडीवर गेली. त्या माणसांना औषध देऊन वर्ष होत आलं होतं, पण वाडीवर तिचं हे पहिलंच जाणं.

मोतीरामची झोपडी कुडाची, शेणाने सारवलेली, आत स्वच्छ. एका कोपऱ्यात चूल, चुलीवर मडकं, मडक्यात नाचणीची पातळ पेज. शांतीने विचारलं, "औषध कुठं ठेवतेस गो? दाखव मला."

चिमाने आढ्याला टांगलेला एक सुकलेला भोपळा खाली काढला. आतून पोकळ केलेला, तोंडाला फडकं बांधलेलं. पाऊस लागू नये, पोरांचा हात पोचू नये म्हणून तिने तो उंच टांगला होता. तिने फडकं सोडलं आणि भोपळा शांतीच्या पुढे ओतला. पुड्याच पुड्या. आषाढातल्या, श्रावणातल्या, परवाच्या. प्रत्येकीवर शांतीच्या हातचं अक्षर होतं आणि एकही फाटलेली नव्हती.

"हे काय गो?" शांतीचा आवाज चढला. "दिल्या नायस?"

"दिल्या की." चिमाला तिच्या आवाजाची भीती वाटली. "लावणीला मालकाकडं जेवान व्हतं, तवा माज्या वाट्याचा भात ह्याला आनायची, तवा दिल्या. नारळी पुनवेला भात केला, तवा दिली. गौरीला दिली. ज्या दिशी जेवान झालं, त्या दिशी चुकले नाय बाय, तुज्या पायाची आन."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस पेज."

"मग पेज प्यायल्यावर द्यायची ना!"

 चिमाला हे बोलणंच कळेना. "पेज म्हंजी जेवान नाय ना, बाय," ती म्हणाली. "तू जेवल्यावर सांगितलंस. रिकाम्या पोटी दिली तर पोट जळंल म्हनालीस. ह्याची आधीच छाती जळते, अजून पोट कशाला जाळू?"

शांती त्या पुड्यांपाशी बसली. पेज म्हणजे जेवण नव्हे, हे तिला कुणी सांगायला हवं होतं का? जोह्याला तिच्या माहेरीसुद्धा सकाळी पेज पिऊन सगळी शेतावर जात, आणि वाटेत कुणी 'जेवलीस का गो' विचारलं तर ती म्हणायची, 'नाय, पेज प्यायले.' जन्मभर ती तेच बोलत आली होती. फक्त त्या खिडकीत बसली की तिच्या तोंडात दुसऱ्या घरचा शब्द यायचा. तिला वाटायचं, दोन वेळा चूल पेटते, दोन वेळा ताट वाढतात, ते घर म्हणजेच सगळी घरं. निदान तो शब्द बोलताना तरी तिला तसंच वाटायचं.

मोतीराम अंथरुणावर पडून ऐकत होता. "पांडूला सांगू नको, बाय," तो म्हणाला. "तो हिला मारंल. हिचं काय चुकलं? हिनं तर माज्यापरीस जास्ती गोळ्यांना जपलं."

शांती परत आली आणि तिने महिपतीला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "जेवल्यावर हा शब्द मी दिला तुला."

"पण बोलले मी. तुम्ही शेतात पेज पिऊन वाढलात, मी पण. दोघांतल्या एकाला तरी आठवायला हवं होतं."

"आता त्याला इथे आणायला हवं," महिपती म्हणाला. "सुया परत चालू करू. पोटात अन्न गेलं पाहिजे. तिकडे ते होणार नाही."

"पडवीत आणा."

"पडवीत? गिरजाबाई काय म्हणेल?"

"जे म्हणायचं ते मला म्हणेल."

दुसऱ्या दिवशी मोतीराम पडवीत आला आणि गिरजाबाईने सूप खाली ठेवलं. "शांते, हा दवाखाना हाय की धर्मशाळा?" ती ओरडली. "क्षयाचा माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून? माझी नात खेळते तिथं! उद्या तिला झालं म्हणजे?"

तिचं भय खोटं नव्हतं, हे शांतीला कळत होतं. तिने पडवीच्या बाजूला तट्टा बांधला, मोतीरामची भांडी वेगळी ठेवली, थुंकी राखेत घेऊन लांब पुरायची व्यवस्था केली, आणि गिरजाबाईच्या नातीला त्या बाजूला येऊ द्यायचं नाही असं सुनेला सांगितलं. गिरजाबाईने जागा सोडा म्हटलं नाही, पण तिचं ओट्यावर बसणं बंद झालं. ती बसेना म्हटल्यावर आळीतल्या लोकांना कळायचं ते कळलं. बाजारातले लोक येईनासे झाले. नवा बाक रिकामा पडला.

महिपती घाबरला. एका दुपारी तो खिडकीशी येऊन म्हणाला, "शांते, हा दवाखाना बंद पडला तर वाडीला तरी कोण राहणार? एका माणसासाठी सगळ्यांचं दार बंद होतं आहे. पेणला त्याची सोय बघू का?"

शांती पुड्या बांधत होती. "तुमचं म्हणणं बरोबर असेल," ती म्हणाली. "मला एवढं लांबचं कळत नाय. पण त्याला इथून उचललं, तर मला पुन्हा ह्या खिडकीत बसता येणार नाय. मग तुम्हीच बघा, औषध कोण देईल ते."

त्यावर महिपतीने तो विषय पुन्हा काढला नाही. मोतीरामला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं मात्र त्याने विचारलं होतं. "तिथनं नदी दिसंल का?" मोतीरामने विचारलं. महिपती म्हणाला, दिसणार नाही. "मग तिथं मी काय बगत पडू? तुमच्या सुया हितंच बऱ्या."

पडवीत त्याला शांतीच्या हातची पेज मिळे, मग भात, मग थोडं माशाचं कालवण. आणि गोळी. चिमा शेजारी बसून राही. शांती गोळी हातावर ठेवून म्हणे, "पेज प्यालास ना? घे आता." सुरुवातीला थोडे दिवस ताप उतरला. मोतीराम उठून बसू लागला. वाडीची माणसं भेटायला यायची, आता काही न लपवता तो त्यांना मोठ्याने सांगे, "ऐका रे, जेवनाची वाट बगू नका. पेज प्या, कांजी प्या, कंद उकडून खा, पोटात कायतरी ढकला आनि गोळी घ्या. आमच्या घरात गोळ्या भोपळ्यात बसून सन करीत व्हत्या, नि मी उपाशी." सगळे हसत.

शांतीने खिडकीतला शब्द टाकून दिला. पुडीवर ती आता सूर्य काढू लागली, एक डोंगरावर, एक पाण्यावर. लिहिता वाचता येणारेसुद्धा ती खूण बघून विचारत, हे काय? ती म्हणे, "दिवस उगवला की एक, बुडाला की एक. त्याच्या आधी पोटात काही जाऊ दे, पेज असो नायतर भाकरीचा तुकडा." आणि औषध देण्याआधी ती विचारू लागली, "तुमच्याकडं चूल कधी पेटते?" काहींना ते आवडत नसे. एक दुकानदार चिडून म्हणाला, "माझी चूल मोजायला बसलीस काय?" पण तिने प्रश्न विचारायचं सोडलं नाही.

मग ती घरोघर फिरली. ज्यांना ज्यांना तिने जेवल्यावर म्हणून पुड्या दिल्या होत्या, त्यांच्या फळ्या आणि डबे तिने बघितले. वाडीत आणखी दोन घरांत पुड्या निघाल्या. पण नुसती वाडीच नव्हे. आळीतल्या एका म्हाताऱ्याकडेही निघाल्या, आणि शेवटी गिरजाबाईच्या देव्हाऱ्याखालीही.

"ह्या कसल्या हो, गिरजाबाई?"

"माझ्या पोटाच्या," गिरजाबाई दारातूनच म्हणाली. "सोमवारच्या, चतुर्थीच्या नि एकादशीच्या. उपासाला मी जेवत नाय, फराळ करते. तूच म्हणालीस, जेवल्यावर."

शांतीने त्या पुड्या मोजल्या. गिरजाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तट्ट्यापलीकडून मोतीरामचा खोकला ऐकू येत होता. चिमाची गोष्ट आळीत सगळ्यांना माहीत झाली होती, आणि कातकरणीची अक्कल म्हणून गिरजाबाई स्वतःच दोन दिवसांपूर्वी सुनेपाशी हसली होती.

"मेलं माझं," ती हळू म्हणाली. "मी पण तेच केलं की."

त्या संध्याकाळी ती सूप घेऊन पुन्हा ओट्यावर बसली. पडवीकडे ती गेली नाही आणि नातीलाही जाऊ दिलं नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांना तिने हाक मारली, आणि हळूहळू लोक पुन्हा येऊ लागले. पूर्वीइतके नाही. काही लोक त्या दवाखान्यात पुढे कधीच आले नाहीत.

आश्विनात मोतीरामचा ताप परत चढला. महिपतीने सुई बदलली, पेणच्या जुन्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी छाती तपासली आणि महिपतीला बाहेर नेऊन सांगितलं, की औषध कधी मिळालं, कधी मिळालं नाही, तेवढ्यात आजार औषधाला सरावला. आता ह्या औषधाला तो दाद देणार नाही, आणि दुसरं औषध आपल्यापाशी नाही. महिपतीने ते शांतीला सांगितलं. शांतीने चिमाला सांगायचं टाळलं नाही. ती तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्याच भाषेत सांगितलं.

चिमाने विचारलं, "मी पेजेवर दिल्या असत्या तर?"

शांतीला खोटं बोलणं सोपं होतं. "तर कदाचित राहिला असता," ती म्हणाली. "पण तुला तसं सांगायचं काम माझं होतं, गो. तू सांगितलेलं केलंस."

चिमा रडली नाही. पेज घेऊन मोतीरामकडे गेली. आता त्याच्या घशाखाली फारसं उतरत नव्हतं. पांडू त्या दिवसांत रोज यायचा आणि उंबऱ्याशी बसून राहायचा. त्याला सगळं कळलं होतं. एकदा महिपती त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, जे बोलायचं ते बोल म्हणून. पांडू नदीकडे बघत म्हणाला, "डाक्तर, काय बोलू? आमी पन पेजेला जेवान म्हनत नाय." महिपती तिथेच त्याच्या शेजारी, जमिनीवर बसला.

एका सकाळी मोतीरामने शांतीला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता.

"बाय, तुमी दवाखाना मोडून पेनला जानार म्हनं."

"कोण बोललं?"

"वाडी बोलते."

"नाय जाणार," शांती म्हणाली. "हितंच राहणार."

"मग ठीक हाय." त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले आणि म्हणाला, "गोळी दे. दिवस उगवला ना?"

तिने त्याच्या ओठांना पेज लावली, एक घोट गेला, बाकीची हनुवटीवरून ओघळली. मग तिने गोळी कुस्करून पाण्यात दिली. आता तिचा काही उपयोग नाही, हे तिला ठाऊक होतं आणि बहुधा त्यालाही. तरी त्याने ती गिळली.

मोतीराम कातकरी कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी, रोह्याच्या दवाखान्याच्या पडवीत वारला. साल एकोणीसशे बासष्ट.